मावशीची उलाळ गाडी

तुमच्या घरातली बाई लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी पाणी प्यायचं कधीपासून सोडते, हे तुम्हाला माहीत आहे का?

अंदाज करू नका. उठून विचारून या, मी थांबते. ती आधी "काहीतरीच काय विचारताय" म्हणेल, मग स्वयंपाकघराकडे वळेल आणि पाठमोरी उभी राहून खरं ते सांगेल.

हा प्रश्न माझा नाही. तो आमच्या घरी छापला जायचा. इचलकरंजीत माझी आई बायकांची संघटना चालवायची आणि आमच्या दोन खोल्यांपैकी दीड खोलीत पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, त्या गठ्ठ्यांवर बसून शिकले. त्यामुळे मला उद्गारचिन्ह आधी आलं आणि पूर्णविराम बऱ्याच उशिरा. एसटी स्टँडवर बायकांसाठी स्वच्छ मुतारी हवी, ही आईची सर्वांत जुनी मागणी. मंत्री बदलले, आगारप्रमुख बदलले, पत्रकाचा कागद गुलाबीचा पिवळा झाला. मजकूर बदलायची वेळ कधी आली नाही. मुतारीचीही आली नाही.

आता मी सिंगापुरात असते. आंग मो किओच्या एका कंपनीत यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिते आणि सेंगकांगला मावशीच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत राहते. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आईच्या मते ती "तिकडे गेली". म्हणजे सिंगापूरला नव्हे, शत्रूपक्षात. कारण तिने बोटीवरच्या इंजिनियरशी लग्न केलं आणि बेडरूममध्ये एसी लावला. हा इंजिनियर म्हणजे माझे काका. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि आता ते सेम्बावांगकडच्या एका दुरुस्ती यार्डात आहेत. त्यांना पंधरा वर्षांची एक मुलगी आहे. ती मराठी समजते, पण उत्तर देताना कंजुषी करते.

मावशीचं गर्भाशय काढल्यापासून तिला लघवी रोखता येत नाही. हे वाक्य वाचताना कुणाला लाज वाटली असेल तर ती त्याने स्वतःपाशी ठेवावी. मावशीने ती पुष्कळ वर्षं एकटीने सांभाळली आहे. मी तिला विचारून लिहिते आहे. "लिही की," ती म्हणाली, "फक्त नाव नको. आणि काकांचं तर नकोच, त्यांना यार्डात तोंड दाखवायचंय."

गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. थोडा फरक पडला. तरी आली की आली, मिनिटभराची सवड नाही. सिंगापुरात शौचालयं जागोजागी आहेत आणि बहुतेक स्वच्छ आहेत, हे आईला कळलं तेव्हा तिने फोनवर सुस्कारा सोडला होता. पण मावशीच्या कामाला "जागोजागी" पुरत नाही. तिला पावलापावलावर हवं असतं. तिच्या डोक्यात एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, एक वेगळाच नकाशा आहे. त्यात स्टेशनांची नावं नाहीत. कुठलं शौचालय तिकिटाच्या फाटकाच्या आत, कुठलं बाहेर, कुठे फळ्यांवर "दुरुस्ती सुरू" लिहून ठेवलंय, एवढंच. त्या नकाशाबाहेर ती जात नाही. आणि पूर्वी ती नकाशाबाहेर जायची, म्हणून तर हे सगळं झालं.

झालं ते असं. शाळेच्या सुट्टीत ही तिघं बसने मलेशियाला निघाली होती. सीमेवरच्या पुलावर गाड्यांची रांग लागली आणि बस जागच्या जागी उभी राहिली. पुढे बस, मागे बस, दोन्हीकडे पाणी. मावशीने काकांना हळूच सांगितलं. काका म्हणाले, "अगं, जरा धर. आलंच." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पुरुषाला वाटतं, धरणं हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे. पूल संपला नाही आणि मावशीला धरता आलं नाही. मुलीने अंगातलं जॅकेट काढून आईच्या कमरेला बांधलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. पलीकडे उतरल्या उतरल्या तिघं परत फिरली.

त्यानंतर दोन वर्षं मावशीने बेट सोडलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "मला इथे काय कमी आहे?" कमी काय आहे ते मला एकदा चकल्या तळताना तिने सांगितलं. "सिंगापूरचा समुद्र म्हणजे बोटींचं पार्किंग. बघावं तिकडे बोट. मला एकदा असा समुद्र बघायचाय ज्यात एकही बोट नाही. आयुष्यभर बोटीनेच नवरा नेला आणि बोटीनेच परत आणला, आता नजरेसमोर नकोत." असा समुद्र मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, हे तिला काकांनीच कधीतरी सांगितलेलं. म्हणजे पुलापलीकडे.

काका त्या बसबद्दल कधी बोलले नाहीत. एक दिवस मात्र यार्डातून आले ते चेहऱ्यावर विजय घेऊन. तिथे काम करणारा एक परदेशी इंजिनियर देश सोडून चालला होता आणि त्याने हौसेने बाळगलेली छोटी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीच्या मागे जोडायची चाकांवरची खोली, काका ताब्यात घेणार होते. आत दोन बाकं, गॅसची शेगडी आणि अगदी मागच्या कोपऱ्यात दार असलेलं टॉयलेट.

"तुझं स्वतःचं," काका मावशीला म्हणाले. "जाशील तिथे तुझ्या मागोमाग येणार."

"नवऱ्यासारखं?" मावशी म्हणाली.

कागदपत्रांत काकांचे कित्येक आठवडे गेले. या देशात परवानगीशिवाय चाक फिरत नाही आणि काकांना परवानग्या जमवायला मनापासून आवडतं. ओढायला एका ओळखीच्या ठेकेदाराची मध्यम आकाराची पिकअप ठरली. चौघांना बसायला केबिन, मागे उघडा हौदा. एरवी या हौद्यात माणसं बसवून कामावर नेतात. मी तिथल्या तिथे म्हटलं की सामानाच्या गाडीत माणसं कोंबणं यावर एक पत्रक निघालं पाहिजे. काका म्हणाले, "कॉम्रेड, एका वेळी एक क्रांती." ते पत्रक मी विसरलेले नाही.

मावशीची अट एकच होती. "आधी बेटावरच एक फेरी मारायची. सेम्बावांग ते चांगीचा समुद्रकिनारा. मला भीती वाटली नाही तर पुलापलीकडे येईन. वाटली, तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. कुणीही काढायचा नाही." शेवटचं वाक्य बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

शनिवारी सकाळी आम्ही यार्डात पोचलो. काकांनी सामान लावायचं काम कुणाच्या हाती दिलं नाही. जहाजावर माल कुठे ठेवायचा हे त्यांच्या रक्तात होतं, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. पाण्याचे भरलेले कॅन त्यांनी मागच्या भिंतीला लावले. कुकर, तवा, तांदळाची पिशवी, घडीच्या खुर्च्या, हत्यारांची लोखंडी पेटी, सगळं मागे. टॉयलेट आणि त्याच्या टाक्या आधीच मागे होत्या.

"सगळं मागेच का?" मी विचारलं.

"बोट कधी नाकावर चालवायची नसते," काका म्हणाले. "मागून किंचित बसलेली पाहिजे. पंखा पाण्यात नीट बुडतो, सुकाणू ऐकतं. हे पत्रकात येत नाही."

"याला पंखा कुठाय?"

"तत्त्व, तत्त्व बघ!" तत्त्वाचं नाव काढलं की मी गप्प बसते, हे त्यांना माहीत आहे.

मग कॅराव्हॅनचा पुढचा लोखंडी दांडा पिकअपच्या मागच्या गोळ्यावर बसवायची वेळ आली. काकांनी तो एका हाताने उचलला. खरंच एका हाताने, पिशवी उचलावी तसा. "बघून ठेवा! बॅलन्स याला म्हणतात," असं म्हणत त्यांनी तो गोळ्यावर अडकवला, साखळ्या लावल्या, दिवे तपासले. त्यांची मुलगी फोनवर व्हिडिओ काढत होती. "नॉट बॅड, लाह," ती सिंगापुरी हेल काढून म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे मानपत्रच.

केबिनमध्ये बसल्यावर मावशीने पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सगळी पिऊन टाकली. घराबाहेर पडताना पाणी पिताना मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आईच्या मोर्च्यांत मी लाठ्या बघितल्या आहेत. तरी सांगते, धाडस मी त्या दिवशी केबिनमध्ये पाहिलं.

सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. काका डाव्या लेनमधून बेताने चालवत होते. टीपीई एक्स्प्रेसवेला लागलो, मावशी चक्क गुणगुणायला लागली. मग एका उड्डाणपुलाचा उतार आला आणि त्याच वेळी उजवीकडून एक लांबलचक लॉरी आम्हाला ओलांडून गेली. तिच्या वाऱ्याने आमची मागची खोली हलली. आधी थोडी डावीकडे. मग थोडी जास्त उजवीकडे. मग आणखी जास्त डावीकडे.

"पा," मुलगी म्हणाली, "मागचं डान्स करतंय."

पिकअपचीही शेपूट आता हलायला लागली होती. एक मोठं कुत्रं आपल्याला मागून धरून झटकतंय असं वाटत होतं. मागे कुकर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मावशीने दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"ब्रेक मारा!" मी ओरडले.

काकांनी ब्रेक मारला नाही. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय वर घेतला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि नुसते बसून राहिले. जहाजाला ब्रेक नसतो, त्यामुळे घाबरल्यावर काहीच न करणं त्यांना जमतं. वेग उतरत गेला तसा मागचा नाचही उतरत गेला. पुढच्या फाट्यावर त्यांनी एक्स्प्रेसवे सोडला आणि एका लॉरी पार्किंगच्या कडेला, झाडाखाली, गाडी उभी केली.

झाडांच्या वरून सेंगकांगच्या इमारती दिसत होत्या. आमचीही.

मावशी खाली उतरली. "मला घरी सोडा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, वाण्याकडे सामान सांगावं तसा. "नाहीतर जवळच्या स्टेशनपाशी सोडा. तिथलं मला माहीत आहे."

"अगं, पिकअपचे मागचे टायर खराब असणार," काका म्हणाले. "नाहीतर जोडच ढिला आहे. मी बोलतो त्या ठेकेदाराशी."

"आपलं काय ठरलं होतं? विषय संपला."

"अगं, पण बॅलन्स तर बरोबर होता. जरा दम धर, मी बघतो."

पुन्हा "धर". ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, आणि माझ्या डोक्यातली छापखान्याची पट्टी फिरायला लागली.

"काका, टायरला काय झालंय? तुमचं वागणंच उलाळ आहे!" मी म्हटलं. "सगळं ओझं मागे टाकायचं आणि पुढे ऐटीत चालायचं! मावशीने काय काय धरून ठेवायचं? उलाळ! सबंध पुरुष जात उलाळ!"

हा शब्द माझ्या आईचा. तिच्या संघटनेत फूट पडली तेव्हा विरोधी गटाविरुद्ध तिने जे पत्रक काढलं, त्यात तो ठळक टाइपात होता आणि त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं होती. मी तेव्हापासून तो शिवीसारखा वापरत आले. ऑफिसात एका मॅनेजरला मनातल्या मनात तीच पदवी दिलेली आहे.

काका माझ्याकडे बघत राहिले. "काय म्हणालीस?"

"उलाळ."

"अर्थ माहीत आहे?"

"बेजबाबदार. ढोंगी. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा."

काका हसायलाच लागले. लॉरी पार्किंगमध्ये, बायको निघून जायच्या तयारीत असताना, पोट धरून. "अगं बाई, हा बैलगाडीचा शब्द आहे! आमच्याकडे कराडला नदीतून वाळू आणायचे. मागे जास्त भरली की गाडी मागे कलते, पुढचं जू वर उचललं जातं. बैलांच्या मानेवर भारच राहत नाही, उलट गळ्याखालचा पट्टा त्यांना फास लावतो. ती गाडी झाली उलाळ. मग तिला चालताना काही धरबंदच राहत नाही, मागून अशी..."

हाताने ती कशी झोकांड्या खाते ते दाखवत होते. तळहात हवेत डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

आम्ही सगळे त्या तळहाताकडे बघत होतो.

काका पिकअपच्या मागे गेले. दांड्याखालचं छोटं चाक खाली टेकवलं, जोड सोडवला आणि पुढचा दांडा उचलला. एका हाताने. सकाळी ज्या हाताची त्यांना ऐट होती, तोच हात.

"गाडी उलाळ आहे," ते म्हणाले.

मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे टायर चांगले आहेत."

"चांगले आहेत."

"आणि जोड?"

"जोडही चांगला आहे. मीच बोट समजून भरली."

मला एक सांगायलाच हवं. शब्द माझ्याकडे होता, गाडी त्यांनी बघितलेली होती. दोघांनी आपापला अर्धा भाग इतकी वर्षं वेगवेगळा सांभाळला, आणि ते दोन तुकडे जुळायला टीपीईवर जीव टांगणीला लागावा लागला. आईला मी नंतर हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग? मला वाटलं, तुला माहीत आहे." पत्रकं लिहिणाऱ्यांनी तळटीपा द्यायला शिकलं पाहिजे.

आम्ही सामान पुढे घ्यायला लागलो. पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, तांदूळ. मावशी बाहेर उभी राहून हुकूम सोडत होती, तो कुकर इकडे, त्या खुर्च्या आडव्या, आणि एका क्षणी तिचा हुकूम मध्येच तुटला.

तो चेहरा आम्हा तिघांनाही ओळखीचा होता. सकाळची बाटली.

स्टेशन दूर होतं. घर दिसत होतं, पण दिसून काय उपयोग? मावशीने इमारतींकडे बघितलं, मग कॅराव्हॅनच्या दाराकडे. काका तोंड उघडणार होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

मावशी आत गेली. दोन पायऱ्या, चार पावलं. टॉयलेटचं दार लावल्याचा आवाज आला आणि लगेच ते उघडल्याचा. कडी लागत नव्हती. मघाच्या नाचात ती वाकली होती.

"अहो," आतून आवाज आला, "दार जरा धरा!"

काका धावले. त्यांच्या घरी राहायला आल्यापासून त्यांना इतकं झटकन कुठे जाताना मी बघितलं नव्हतं. पाठ दाराला टेकवून, डोळे समोर लावून ते उभे राहिले, जहाजावर पहाऱ्याला उभे राहतात तसे. आम्ही दोघी खाली उभ्या. पातळ भिंतीतून सगळं ऐकू येत होतं आणि ते बराच वेळ ऐकू येत राहिलं. मुलीने फोनवर गाणं लावायला बोट पुढे केलं, मग थांबली. "नो नीड," ती पुटपुटली. "लेट हर, लाह."

मावशी बाहेर आली, हात पुसत. "आरसा फार छोटा आहे," ती म्हणाली. मग दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे बघून, "आता मागे जरा वजन वाढलं असेल. बघा बाई, पुन्हा उलाळ व्हायची."

काकांनी पुन्हा दांडा उचलायचा प्रयत्न केला. एका हाताने हलला नाही. दोन हात लावले, गुडघे वाकवले, तोंड लाल झालं, तेव्हा कुठे उचलला. इतक्या आनंदाने कण्हणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

"चांगीला जायचं का घरी?" त्यांनी विचारलं. दम लागला होता, पण विचारलं. "तू सांगशील तिथे."

मावशी केबिनमध्ये चढली. "चांगीला. पण लॉरी दिसली की मला आधी सांगायचं, मी डोळे मिटणार."

लॉऱ्या दिसल्या. मागची खोली एकदाच थोडी डुलली आणि आपली आपण सरळ झाली. मावशीने डोळे मिटले नव्हते, मी आरशातून बघत होते. चांगीला पोचल्यावर तिने पाण्याकडे तोंड करून बोटी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "पार्किंग," ती म्हणाली. "पुढच्या सुट्टीत पलीकडचा बघू." मग माझ्यापुढे हात केला. "दुसरी बाटली आणलीयेस ना?"

आणली होती.

काका आता दर वेळी निघण्याआधी दांडा उचलून बघतात आणि ओरडून सांगतात, "जड आहे!" मग चालकाच्या जागेवर बसून मागे वळतात आणि विचारतात, "कुठे कुठे थांबायचं?" मावशी सांगते. कधी एक जागा, कधी चार. त्यावर चर्चा होत नाही.

आईसारखी मागणी मी सरकारकडे करत राहीनच, तो आमचा घरगुती धंदा आहे. तुमच्याकडे मात्र एवढंच मागते. पुढच्या वेळी गाडी काढाल तेव्हा किल्ली फिरवायच्या आधी घरातल्या बाईच्या हातात पाण्याची भरलेली बाटली द्या, कुठे कुठे थांबायचं ते तिला विचारा, आणि ती सांगेल तिथे थांबा.